झोतातल्या तीन गाठी

कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, हा नियम माझा नाही. तो मी येण्याआधीपासून दारावर लावलेला होता. बाकीचे अकरा माझे. बाहेरची फ्लॉपी आत आणायची नाही, हा चौथा. काय सुरू केलं आणि कुठे थांबवलं ते रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, हा सातवा. रजिस्टर खोलीबाहेर न्यायचं नाही, हा नववा. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या कॉलेजात पोरं मला मागे ‘लिस्टवाली मॅडम’ म्हणतात. म्हणोत. सामान हरवलं की माझ्याकडेच येतात.

मी आधी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. मग कॉलेजला दोन कॉम्प्युटर आले आणि त्यांची खोली माझ्याकडे आली. शहरात ईमेल नुकतं पोचलं होतं, तेही टेलिफोन लागला तर. माझं काम काय, असं नातेवाईक अजून विचारतात. मशीन चालू करणं, बंद करणं आणि मधल्या वेळात त्यावर काय झालं याची नोंद ठेवणं. ऐकायला हे चौकीदाराचं काम वाटतं, आणि बरंचसं तसंच आहे.

माणसंही चौकीवर येतात तशीच यायची. एकदा चांदनी गावचा एक शेतकरी आला. चपला काढल्या, मशीनला हात जोडले आणि खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, याला सगळं माहीत राहते म्हणे. माझा भाऊ आहे हा. स्टेशनवरून गाडीत बसला, मग आलाच नाही. विचारा ना, कुठे आहे.” मी त्याला समजावलं, की आपण जे आत घालतो तेवढंच याला माहीत असतं. तो म्हणाला, “मग घाला ना फोटो आत.” मी नाही म्हटल्यावर तो उठून गेला, फोटो तिथेच ठेवून. पुन्हा आला नाही. ‘सापडलेल्या वस्तू’ या वहीत तो फोटो अजून आहे. त्याच्यापुढे काय लिहावं ते मला सुचलेलं नाही.

आपण घालतो तेवढंच आत असतं, हे मी त्या दिवशी मोठ्या खात्रीने सांगितलं होतं. वाणी सरांच्या कामाने ती खात्री घालवली.

वाणी सर भौतिकशास्त्र शिकवायचे. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे, बोलणं हळू. पीएचडीसाठी त्यांनी फार पूर्वी नाव नोंदवलं होतं आणि दर थोड्या वर्षांनी मुदत वाढवून घेतली होती. स्टाफरूममध्ये हिंदीचे एक सहकारी रोज हाक द्यायचे, “आइए डॉक्टर साब! गॅलक्सी कहाँ तक पहुँची?” सर हसून बाजूला बसायचे. मी खोली ताब्यात घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं, की ही शेवटची मुदतवाढ. फेब्रुवारीअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. पत्र घेऊन सर माझ्याकडे आले.

“उज्ज्वलाताई, मला तुमचं एक मशीन पाहिजे. रोज, दिवसभर.”

“किती दिवस, सर?”

“ते मशीनच सांगेल.”

सरांचा विषय मी त्यांच्याकडूनच समजून घेतला, कारण ज्याची नोंद ठेवायची ते कळायला हवं. काही दीर्घिकांच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरते आणि ती इतकी उजळते की बाकीचे सगळे तारे मिळून फिके पडतात. या तबकडीतून वर आणि खाली, दोन उलट दिशांना, झोत निघतात. ते प्लाझ्माचे असतात, म्हणजे इतक्या तापलेल्या वायूचे की त्यातल्या अणूंचे तुकडे झालेले असतात. झोत प्रकाशाच्या जवळपास वेगाने जातो. सरांचा प्रश्न एवढाच होता, की तबकडीचा उजेड या झोताचं काय करतो?

मी म्हटलं, “ढकलत असेल मागून.”

“ढकलतोच. प्रकाशालाही धक्का असतो. पण अडवतोही तोच.”

“एकच उजेड?”

सर खिडकीशी गेले. खाली मागांची गल्ली होती. यंत्रमागांच्या गल्लीत कापसाचे बारीक तंतू सतत हवेत असतात आणि शांतपणे खाली येत असतात. “तुम्ही इथून लुनावर जाता ना? उभ्या राहिलात तर तंतू डोक्यावर पडतात. लुना पळवली की?”

“तोंडावर येतात.”

“म्हणजे तंतूंनी दिशा बदलली का? नाही. तुमच्या वेगामुळे ते समोरून आल्यासारखे लागतात. तबकडी मोठी आहे, उजेड चहूबाजूंनी तिरका येतो. झोत संथ असला तर तो उजेड मागून ढकलतो. वेग फार वाढला की तोच उजेड झोताला समोरून येताना दिसतो. मग तो ब्रेक.”

पहिल्यांदा आम्ही तीन वेगांनी झोत सोडून पाहिला, एक संथ, एक मध्यम, एक अतिवेगवान. प्रत्येक पायरीला तबकडीच्या शेकडो तुकड्यांचा उजेड मोजायचा, म्हणून एका पायरीला पाऊण मिनिट जायचं. प्रिंटर करकरत एकेक ओळ काढायचा: पायरी, अंतर, वेग. तिन्हींचे कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सुरुवातीला आकडे एकमेकांपासून लांब होते. मग संथ झोताचे वर चढू लागले, वेगवान झोताचे खाली येऊ लागले, आणि ठरावीक अंतरावर तिन्ही कागदांवर एकच आकडा आला. त्यापुढेही ओळीमागून ओळ एकच.

चहा घेऊन आलेला शिपाई गुलाबभाऊ जसोंडी गावचा. तो कागदांवर वाकला. “मॅडम, तिन्ही सारखेच छापून राहिले का?”

“नाही. वेगवेगळे निघाले होते.”

“मग इथे कोणी मिळवले?”

“उजेडाने,” सर म्हणाले. “कसाही सोडा, तो आपल्या वेगावर आणतो.”

गुलाबभाऊने कप ठेवला. “म्हणजे सुटका नाही कोणाची,” तो म्हणाला आणि गेला. हिवाळ्याची उन्हं खोलीत होती, तरी मला त्या कागदांकडे पाहवेना. तीन माणसांनी वेगवेगळ्या रस्त्यांनी जावं आणि तिघांनी एकाच दारावर एकदम थाप द्यावी, तसं वाटत होतं.

सरांनी भिंतीवर एका दीर्घिकेचं चित्र लावलं होतं, परदेशी नियतकालिकातलं. मध्ये एक ठिपका आणि त्यातून उजवीकडे निघालेला झोत. डावीकडे काळोख. गुलाबभाऊने झाडताना विचारलं, “सर, तुम्ही दोन सांगितले होते. दुसरा कुठे?”

“डावीकडे आहे.”

“दिसत तर नाही.”

“तो आपल्यापासून दूर पळतोय. एवढ्या वेगात त्याचा उजेड सगळा पुढेच पडतो, मागे आपल्याकडे येत नाही. आहे तेवढाच मोठा. फक्त दिसत नाही.”

त्यानंतर गुलाबभाऊ चित्राची उजवी बाजू पुसायचा. डावीकडे फडकं नेत नसे.

त्या दिसणाऱ्या झोतावर गाठी होत्या. सलग पट्टा नसून मध्येमध्ये उजळ फुगवटे, अंतराअंतरावर. त्या तिथे का पडतात याची अनेक स्पष्टीकरणं होती, आणि सरांना त्यात स्वतःचं एक घालायचं होतं. प्रबंधाला जीव त्यानेच येणार होता. नाहीतर त्यात इतरांनी केलेलीच गणितं पुन्हा होती.

आता माझ्या दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली. बुऱ्हाणपुरात लाईट गेल्याचं डोळ्यांआधी कानांना कळतं. शहरभर मागांची खटखट चालू असते, इतकी सवयीची की ती ऐकूच येत नाही. लाईट जाते तेव्हा हजारो माग एका क्षणी थांबतात आणि जी शांतता पडते ती कानावर आदळते. नवीन माणूस दचकून वर पाहतो. आम्ही रोज त्यात जगतो, तरी पहिला श्वास प्रत्येकजण धरतोच. त्या हिवाळ्यात लाईट रोज दुपारी जायची. आमच्या बॅटऱ्या कधीच्या बसल्या होत्या, त्यामुळे मशीन जागीच मरायचं. संध्याकाळी मी नीट बंद करायचे तेव्हा सगळे आकडे पूर्ण साठवले जायचे. लाईट गेली की मात्र हाती राहायची फक्त प्रिंटरच्या कागदावरची शेवटची ओळ. लाईट आली की तीच ओळ मी टाइप करून गाडी पुढे न्यायचे. प्राचार्यांकडे नव्या बॅटऱ्या मागायला पुरावा हवा, म्हणून रजिस्टरमध्ये एक पान आखलं होतं: लाईट गेली, लाईट आली, शेवटची पायरी.

दुसरी. सरांचा प्रोग्राम वेग पंधरा अंकांपर्यंत छापायचा. ओळ कागदावर मावत नसे, दुमडून दुसऱ्या ओळीवर जायची. रकाने वाकडे, कागद दुप्पट. मला ते बघवेना. मी प्रोग्राममधली एक ओळ बदलली आणि वेग दशांशानंतर तीन अंकांवर आणला. पानं सुरेख दिसू लागली. सरांना दाखवली तर तेही म्हणाले, “वा, आता वाचता येतं.”

जानेवारीत मोठी फेरी लावली. झोताला तबकडीपासून खूप लांबवर न्यायचं होतं आणि फेरीला नऊ दिवस लागले. सरांनी छापलेल्या अंतरांच्या फरकांवरून वेगाचा आलेख काढला आणि दुपारभर खुर्चीत बसून राहिले. मी विचारलं, “सर, बरं वाटत नाही का?”

“गाठी,” ते म्हणाले.

एकसारख्या चढत जाणाऱ्या रेषेत तीन ठिकाणी वेग एकदम हलला होता. एकदा वर, मग खाली, मग पुन्हा वर. अशा जागी वेगवान प्लाझ्मा संथ प्लाझ्मावर आदळेल आणि तिथे उजेड साठेल. या गाठी कोणी घातल्या नव्हत्या, सरांच्या समीकरणांत तसं काही नव्हतं, तरी आल्या होत्या. सरांनी आलेख भिंतीवरच्या चित्राखाली धरला. अंतरं तंतोतंत जुळत नव्हती, पण दोन्हींकडे पाहून अंगावर काटा यायचा.

त्यांचे मार्गदर्शक विद्यापीठात होते. त्यांचं ईमेल आलं: हे प्रकरण पाचवं करा, यावरच प्रबंध उभा राहील. सर पंधरा दिवसांत दहा वर्षांनी लहान दिसू लागले. स्टाफरूममध्ये हाक आली तेव्हा म्हणाले, “पहुँच गई. इस महीने के आखिर तक.”

टायपिंग माझ्याकडे होतं. मुदतीला सहा दिवस राहिले तेव्हा मी परिशिष्टासाठी पायऱ्यांची यादी करत होते. गाठ कोणत्या पायरीला, तिचं अंतर काय. पहिली गाठ पायरी तीन हजार एकशे अठरा. याच्या शेजारचाच आकडा मी आधी कुठेतरी स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे, असं वाटलं. प्रबंधात नव्हता. मी रजिस्टर उघडलं. लाईट गेली दोन वाजून वीस मिनिटं, लाईट आली चार वाजून पाच मिनिटं. शेवटची पायरी: तीन हजार एकशे सतरा.

उरलेल्या दोन्ही मी बोट ठेवून पाहिल्या. दोन्ही तशाच. लाईट गेली त्याच्या पुढच्या पायरीला गाठ.

नेमकी तेव्हाच लाईट गेली. माग थांबले. पंखा मंदावत थांबला. खोलीत मी एकटी होते, समोर तो आलेख, आणि आमच्या गावाची ती शांतता त्या रेषेत तीन जागी उभी होती. इथे आम्ही श्वास धरला तेव्हा तिकडे झोत हलला होता.

मग हिशोबाने विचार केला. अंतरांवरून काढलं तर मशीनमध्ये वेग होता प्रकाशाच्या ०.९९६६. माझ्या नेटक्या रकान्यात तो जवळच्या तीन अंकांवर ओढला जाऊन ०.९९७ छापला गेला. लाईट आल्यावर मी ०.९९७ टाइप केलं. फरक हजारात अर्ध्याहूनही कमी. पण प्रकाशाच्या इतक्या जवळ तेवढ्या फरकाने झोताची ऊर्जा, स्थिर असतानाच्या बारा पटींवरून, जवळजवळ तेरा पटींवर जाते. झोत तबकडीजवळ असतानाही लाईट गेलीच होती, पण तिथला प्रखर उजेड माझी चूक थोड्याच पायऱ्यांत पुसून टाकायचा, झोताला आपल्या वेगावर आणायचा. लांबवर उजेड क्षीण झाला होता. तिथे पुसायला कोणी नव्हतं.

सर आले ते साडेचारला. मी रजिस्टर आणि आलेख शेजारी ठेवले आणि बोट दाखवलं. त्यांना समजायला एक मिनिटही लागलं नाही.

“उज्ज्वलाताई, हे आणखी कोणी पाहिलंय?”

“नाही.”

“गाईड पाहणार नाहीत. परीक्षकही नाही. नऊ दिवस कोण चालवून बघणार आहे?”

“कोणी नाही, सर.”

“मग?”

“मग काही नाही. मला दिसलं, मी सांगितलं. आकडे कापले मी, टाइप केले मी. तुमच्या गणितात चूक नाही.”

त्यांनी रजिस्टर मिटलं, काखेत घेतलं आणि चालायला लागले. नववा नियम माझ्या तोंडाशी आला होता. मी बाजूला होऊन त्यांना जाऊ दिलं. ते पान फाडलं गेलं असतं तर मला राग आला असता की सुटल्यासारखं वाटलं असतं, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

सकाळी ते माझ्याआधी दारात होते. रजिस्टर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. पान जागेवर होतं. प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी पेन्सिलने वेग काढला होता, आकडे कापले तर किती होईल ते लिहिलं होतं. “तिन्ही जुळतात,” ते म्हणाले. विद्यार्थ्याचं गणित बरोबर आल्यावर म्हणायचे तसंच. “पहिली वर, दुसरी खाली, तिसरी वर. पत्र टाइप करा.”

पत्र मार्गदर्शकांना होतं. पाचव्या प्रकरणातला निष्कर्ष मागे घेत आहे, गणनेत माझ्याकडून चूक झाली.

“सर, ‘माझ्याकडून’ नका लिहू. माझं नाव घाला.”

“प्रबंधावर तुमचं नाव आहे का?”

“नाही.”

“मग चुकीवर कसं येईल? टाइप करा.”

मी टाइप केलं, ‘माझ्याकडून’. ते पत्र विभागात फिरलं, आणि वाणींना साधे अंक पुढे नेता आले नाहीत असं लोक म्हणाले. ते अंक मी कापले होते, पानं सुंदर दिसावीत म्हणून. हे मी कोणालाच सांगितलं नाही. आता लिहून ठेवते आहे.

मुदतवाढीचा अर्ज फेटाळला गेला. मार्गदर्शकांनी फोनवर सुचवलं, की पाचवं प्रकरण गाळून उरलेलं तरी आणून द्या, पुढचं पुढे बघू. सर म्हणाले, “उरलेलं माझं नाही, इतरांचं आहे.” त्यांनी फेरी नव्याने लावायला सांगितली, पूर्ण पंधरा अंकांनी. मी म्हटलं, “सर, पाचच दिवस हाती आहेत. मशीनला नऊ लागतात.” ते म्हणाले, “मला माहीत आहे. त्या गाठींच्या जागी काय होतं ते मला पाहायचं आहे.” गाठींच्या थोडं आधीपासून सुरू करायला पूर्ण अंकांचा जुना साठा कुठेच उरला नव्हता. मी रोज संध्याकाळी आदल्या दिवसाची फाईल पुसत असे, पसारा नको म्हणून.

नोंदणी रद्द झाली. सर ‘सर’ म्हणूनच निवृत्त झाले. आता नवी मशीन्स ती फेरी चहा उकळेपर्यंत करतात.

मला सांगायची आहे ती मुदतीची दुपार. विद्यापीठाचा दरवाजा पाच वाजता बंद होणार होता आणि तिथली बस सकाळीच सुटली होती. सर बसस्टँडवर गेलेच नाहीत. माझ्या खोलीत येऊन बसले. त्या पाच दिवसांत मी शनिवार-रविवारही खोली उघडली होती आणि मशीन संध्याकाळनंतरही दोन-तीन तास चालू ठेवलं होतं, स्वतःचे दोन नियम मोडून. झोत पहिल्या गाठीच्या अंतराजवळ आला होता.

पावणेतीनला लाईट गेली. माग थांबले. शेवटची ओळ कागदावर होती, पुन्हा तशीच दुमडलेली, बेढब. मी एकेक अंक मोठ्याने वाचला. सरांनी तो वहीत लिहून मला परत वाचून दाखवला. पंधराच्या पंधरा. त्या शांततेत आमचे दोघांचे आवाज आम्हालाच परके वाटत होते. चारला लाईट आली. खालच्या गल्लीत माग एकेक करून सुरू झाले. थांबतात एकदम, पण सुरू होतात एकेकटे. मी अंक टाइप केले, सरांनी पडद्यावर बोट फिरवून तपासले, आणि प्रिंटर करकरू लागला.

जुना आलेख सरांच्या मांडीवर होता. पायरी तीन हजार एकशे सोळा. सतरा. पाऊण मिनिट जाईपर्यंत आम्ही दोघं प्रिंटरच्या तोंडाकडे पाहत होतो. अठरा. ओळ बाहेर आली. मागच्या ओळीशी ताडून पाहिली, तर शेवटचे काही अंक तेवढे बदलले होते, जितके बदलायला हवे तितकेच.

“इथे होती,” सर म्हणाले.

पुढची ओळ आली. तीही तशीच. झोत त्या जागेवरून निघून गेला होता, जणू तिथे कधी काही नव्हतंच. भिंतीवरच्या चित्रातल्या गाठी मात्र होत्या तिथेच होत्या. त्या कशाने पडल्या ते आम्हाला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की आम्हाला मिळालेलं कारण खोटं होतं.

घड्याळात पाच वाजून गेले होते. सरांनी आलेख दुमडून बाजूला ठेवला, नवा कोरा कागद घेतला आणि पेन्सिल उचलली.

“वाचा,” ते म्हणाले.

मी पुढची ओळ वाचली.